प्लिमसोल : एका शब्दाची जन्मकथा

इंग्लंडांतील शाळकरी मुलें व्यायामाच्या तासाला जे हलके बूट घालतात, त्यांस तेथें ‘प्लिमसोल’ म्हणतात. वर जाड कापड, खालीं रबराचा तळवा, आणि दोहोंचा सांधा झांकणारी रबराची पट्टी, एवढाच काय तो त्यांचा थाट. इंग्रजींत ‘सोल’ म्हणजे बुटाचा तळवा. तेव्हां या नांवाचा उत्तरार्ध त्यावरूनच आला असावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ही समजूत खरी नव्हे. प्लिमसोल हें एका गृहस्थाचें आडनांव होय. आणि बुटांच्या धंद्याशीं त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

सॅम्युएल प्लिमसोल याचा जन्म १८२४ सालीं ब्रिस्टल येथें झाला. लंडनमध्यें कोळशाच्या व्यापारांत त्यास ठोकर बसली, व कांहीं काळ गोरगरिबांच्या सामायिक निवासांत दिवस कंठावे लागले. कष्टकऱ्यांचें जिणें त्यानें तेथें जवळून पाहिलें. पुढें त्याची स्थिति सुधारली, आणि १८६८ सालीं तो डर्बी शहरातर्फे पार्लमेंटांत निवडून आला.

त्या काळीं ब्रिटनचा सागरी व्यापार भरभराटीस आला होता. पण खलाशाच्या जिवास मोल नव्हतें. कित्येक मालक जुनीं, खिळखिळीं जहाजें बेसुमार माल भरून समुद्रांत लोटीत. जहाज सुखरूप पोंचलें तर भाडें पदरांत पडे. बुडालें तर विम्याची रक्कम मिळे. अशा जहाजांस लोक ‘शवपेट्या’ म्हणूं लागले होते. एकदां करारावर सही केल्यावर जो खलाशी जहाजावर चढण्याचें नाकारी, त्यास तुरुंगाची वाट धरावी लागे.

जहाजाच्या अंगावर रेषा आंखावी आणि ती पाण्याखालीं जाईल इतका माल भरूं नये, ही मागणी जेम्स हॉल नांवाच्या एका जहाजमालकानें पूर्वींच केली होती. प्लिमसोलनें ती उचलून धरली व १८७३ सालीं खलाशांच्या दुःस्थितीवर पुस्तक लिहून देश हालवून सोडला. २२ जुलै १८७५ रोजीं पंतप्रधान डिझरायली यांनीं यासंबंधींचें विधेयक बाजूस सारलें, तेव्हां प्लिमसोलचा संयम सुटला. भर सभागृहांत त्यानें मूठ उगारून कांहीं सभासदांस ‘नराधम’ म्हटलें. पुढें त्यास माफी मागावी लागली. पण लोकमत त्याच्या बाजूचें झालें होतें. १८७६ च्या कायद्यानें रेषा सक्तीची झाली. ती कोठें आंखावी हें मात्र मालकांच्याच मर्जीवर राहिलें! ही उणीव १८९० सालीं दूर झाली.

याच सुमारास नवे बूटही प्रचारांत येत होते. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्लस गुडइयर यास गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति साधली होती. तिच्यामुळें रबरी तळव्याचे स्वस्त बूट शक्य झाले. समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास जाणारे लोक ते वापरीत, व त्यांस ‘वाळूंतील बूट’ म्हणत. त्यांच्या कडेची पट्टी पाहून लोकांस जहाजावरील रेषा आठवली. पाणी पट्टीच्या खालीं असेपर्यंत पाय कोरडा. तें वर चढलें कीं भिजलाच! जें नांव रेषेला, तेंच मग बुटाला मिळालें.

प्लिमसोल १८९८ सालीं निवर्तला. त्याच्या जन्मगांवीं, ब्रिस्टलमध्यें, या बुटांस ‘डॅप’ असें निराळेंच नांव आहे, ही एक गंमतच. पण रेषा जगभर पसरली. १९३० सालीं लंडन येथें झालेल्या करारानें अनेक सागरी राष्ट्रांनीं ती मान्य केली. मुंबईच्या बंदरांत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर आडव्या रेषेनें छेदलेलें जें वर्तुळ दिसतें, तें हेंच. त्याच्या शेजारच्या लहान रेषा खारें व गोडें पाणी, उन्हाळा व हिवाळा यांप्रमाणें मर्यादा दाखवितात.

बूट झिजतात आणि टाकले जातात. पण जहाजावरील त्या रेषेनें असंख्य खलाशांस घरीं सुखरूप परत आणिलें आहे. ज्याच्या खटपटीनें ती आंखली गेली, त्याचें नांव शाळकरी मुलांच्या पायांत राहिलें, यांत त्याचा अपमान खचित नाहीं.