पिस्तुलाच्या मापाचं म्यान: तापवलेल्या प्लास्टिकपासून होल्स्टर कसं बनतं?

तलवारीला म्यान, कोयत्याला आकडी आणि पिस्तुलाला होल्स्टर. कमरेला शस्त्र अडकवायची सोय एवढाच होल्स्टरचा अर्थ आपल्याकडे घेतला जातो. प्रत्यक्षात त्याची कामं तीन आहेत. पहिलं, चाप म्हणजे ट्रिगर पूर्ण झाकणं. दुसरं, चालताना, धावताना, वाकताना शस्त्र जागच्या जागी धरून ठेवणं. तिसरं, हात गेला की मूठ दर वेळी त्याच जागी सापडणं. यातलं पहिलं काम जमलं नाही तर उरलेल्या दोहोंना अर्थ नाही.

अमेरिकेतलं एक गाजलेलं प्रकरण बघा. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने पिस्तूल होल्स्टरशिवाय ट्रॅकपँटच्या नाडीपाशी खोचलं होतं. ते घसरून पायात उतरलं, तो पकडायला गेला आणि गोळी सुटून त्याच्याच मांडीत घुसली. शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल 2009 मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत 1 ऑक्टोबर 2024 रोजी अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी पायाला लागली, ती बातमी आपल्या वाचकांना आठवत असेल. दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत. पण भरलेलं शस्त्र मोकळं राहिलं की धोका आधी मालकालाच असतो, हे दोन्हीकडे सारखं आहे.

हे प्लास्टिक कोणतं?

मापाच्या होल्स्टरसाठी जगभर सर्वात जास्त वापरलं जाणारं प्लास्टिक कायडेक्स या नावाने ओळखलं जातं. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाची ही शीट अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने 1965 मध्ये आणली, ती विमानांच्या आतल्या भागांसाठी. 1970 च्या दशकात तिचं होल्स्टर करण्याची सुरुवात झाली. त्याचं श्रेय साधारणपणे एफबीआयचे माजी एजंट बिल रॉजर्स यांना दिलं जातं.

हिला गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिक समजण्याची चूक होते. वायरच्या सांध्यावर चढवतात ती नळी गरम केल्यावर आपोआप आवळते. कायडेक्सचं तसं नाही. ते तापलं की ओल्या कापडासारखं लुळं पडतं, दाबलं की खालच्या वस्तूचा आकार घेतं आणि थंड झालं की त्याच आकारात कडक होतं. हात मोडल्यावर दवाखान्यात प्लास्टिकचा स्प्लिंट गरम पाण्यात मऊ करून मनगटावर बसवतात, तीच ही युक्ती. फक्त इथे उष्णता बरीच जास्त लागते. आकार चुकला तर शीट पुन्हा तापवावी, ती परत सपाट होऊ पाहते.

चामडं की प्लास्टिक?

चामड्याचं होल्स्टर अंगाला बोचत नाही, दिसायला छान आणि वर्षानुवर्षं टिकणारं. पण कोल्हापुरी चप्पल जशी पायाला बसायला वेळ घेते, तसंच त्याचंही. घाम आणि पाऊस चामडं शोषून घेतं. मुख्य अडचण पुढे येते. जुनं झाल्यावर तोंडाकडची कड मऊ पडून आत दुमडते, आणि पिस्तूल परत ठेवताना हीच घडी चापावर दाबली जाऊ शकते. प्लास्टिकचं तोंड कायम उघडं राहतं, पाणी शोषत नाही, फडक्याने पुसलं की झालं.

प्लास्टिकचेही तोटे आहेत. ते अंगाला टोचतं, काढताना खरखर आवाज होतो, धूळ आत राहिली तर शस्त्राच्या रंगावर ओरखडे उठतात. 80 अंश सेल्सिअसच्या आसपास ते नरम पडू लागतं. त्यामुळे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवून जाऊ नये.

काय काय लागतं?

शीटची जाडी बहुधा 1.5 ते 2.4 मिलिमीटर असते. कपड्याच्या आत घालायच्या होल्स्टरला पातळ किंवा मध्यम, बाहेरच्या पट्ट्यावर घालायच्याला जाड. याशिवाय तापवायला ओव्हन, किरकोळ दुरुस्तीला हीट गन, तापमान मोजायचं साधन, जाड हातमोजे, करवत, ड्रिल, कानस, पॉलिश पेपर, पोकळ रिव्हेट आणि स्क्रू लागतात.

दाबायला प्रेस विकत मिळते, घरीही होते. दोन जाड फळ्या घ्यायच्या, प्रत्येकीवर साधारण इंचभर जाडीचा दाट फोम चिकटवायचा आणि चार कोपऱ्यांना चार क्लॅम्प लावायचे.

स्वयंपाकाचा ओव्हन मात्र यासाठी वापरू नये. शीट जास्त तापली तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, की शीट जळते आहे असं समजावं. काम हवेशीर जागेतच करावं.

साचा: अर्धं काम इथेच

साचा म्हणून खरं शस्त्र न वापरणं सर्वात चांगलं. अमेरिकेत वेगवेगळ्या मॉडेलच्या हुबेहूब मापाच्या, भरीव प्लास्टिकच्या नकली बंदुका याच कामासाठी मिळतात. बहुतेक निळ्या रंगाच्या असतात, म्हणजे खऱ्याशी गल्लत होत नाही. खरंच शस्त्र वापरावं लागलं तर मॅगझिन काढून, नळी डोळ्याने आणि बोटाने तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवूनच कामाला बसावं.

पिस्तुलाच्या अंगावर अनेक खाचा आणि उंचवटे असतात. मऊ शीट त्या सगळ्यांत शिरली तर पिस्तूल आत जाईल, पण बाहेर येणार नाही. म्हणून आधी भरणी करायची. काडतुसाचं रिकामं कवच जिथून बाहेर उडतं ती खिडकी टेपने किंवा लाकडाच्या तुकड्याने बुजवायची. नेम धरायची माशी वर आलेली असते. तिच्या रेषेत पेन्सिलीएवढी लाकडी काठी चिकटवायची, म्हणजे माशीला सरकायला वाट राहते. मॅगझिन सोडायचं बटणही असंच उंच करून घ्यायचं, नाहीतर होल्स्टरमध्येच ते दाबलं जाऊन मॅगझिन निसटतं. शेवटी सगळ्यावर मास्किंग टेपचा एक थर द्यायचा. त्याने किंचित मोकळीक मिळते.

एक जागा मात्र पूर्ण बुजवायची नाही, ती म्हणजे चापाभोवतीची कडी. तिच्या पुढच्या भागात शीट थोडी आत बसली पाहिजे. पिस्तूल आत सरकवल्यावर जो 'टक्' आवाज येतो तो इथूनच येतो, आणि पकडही इथेच मिळते.

तापवा, दाबा, थांबा

होल्स्टर करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकाच शीटची घडी पिस्तुलाच्या वरच्या बाजूने घालून खाली चापाकडच्या कडेने रिव्हेट मारायचे, ही पहिली. पुढची आणि मागची अशा दोन शीट घेऊन दोन्ही कडांना जोडायच्या, ही दुसरी. दुसरी पट्ट्यावर पसरट आणि स्थिर बसते, पहिलीला जागा कमी लागते.

शीट साधारण 160 ते 175 अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवायची. घड्याळापेक्षा शीटकडे लक्ष द्यायचं. उचलल्यावर ती सगळीकडे सारखी लोंबली पाहिजे. कोपरे अजून ताठ असतील तर कमी तापली आहे. पृष्ठभागावरची खडबडीत नक्षी पुसून चकाकी आली किंवा फोड उठले तर जास्त तापली आहे.

बाहेर काढल्यावर हातात मोजकेच सेकंद असतात. साचा, फळ्या, क्लॅम्प आधीच मांडून ठेवायचे. शीट साच्यावर टाकायची, फोमच्या मध्ये धरायची आणि चारही क्लॅम्प सारखे आवळायचे. मग किमान दहा मिनिटं हात लावायचा नाही. घाईने उघडलं तर शीट सैल पडते, धारदार उठाव मिळत नाही. नवख्याची बहुतेक शीट इथेच वाया जाते.

कापणं आणि जोडणं

थंड झालेल्या शीटवर पेन्सिलने कापायची रेघ आखायची. रेघ कशीही वळली तरी चापाभोवतीची सगळी कडी दोन्ही बाजूंनी झाकलेली राहिली पाहिजे. त्याच वेळी मुठीजवळ एवढी जागा हवी की पिस्तूल आत असतानाच तळवा आणि तीन बोटं पूर्ण बसतील. बोटं अर्धवट बसली तर माणूस बाहेर काढल्यावर पकड बदलतो, आणि पकड बदलताना बोट नको तिथे जातं. नळीच्या टोकाला छिद्र ठेवायचं, म्हणजे पाणी आणि कचरा खाली निघून जातो.

कडा आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने गोल करायच्या. दिवसभर बरगडीला लागणारी कड धारदार असेल तर मालक दोन दिवसांत होल्स्टर खुंटीला टांगतो.

जोडायला पोकळ रिव्हेट वापरतात, बुटाच्या नाडीच्या भोकात असतात तसे. चापाच्या कडीजवळ रिव्हेटऐवजी स्क्रू आणि मध्ये रबरी वॉशर घातला तर आवळून किंवा सैल करून पकड हवी तशी ठेवता येते. पट्ट्याच्या क्लिपसाठी भोकं पाडताना आपला पट्टा मोजून घ्यावा. दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटरचा पट्टा यासाठी नेहमीचा. पट्टा लेचापेचा असेल तर उत्तम होल्स्टरही झुलतं.

परीक्षा घेतल्याशिवाय वापर नाही

परीक्षा रिकाम्या शस्त्रावरच, खात्री दोनदा करून. पलंगावर जाड गोधडी टाकून त्यावर होल्स्टर उलटं धरायचं आणि जोरात हलवायचं. पिस्तूल पडता कामा नये. बाहेरून चापाच्या जागी अंगठ्याने दाबायचं. आतला चाप हलला तर होल्स्टर रद्द. एका हाताने वीस-पंचवीस वेळा काढून-ठेवून पाहायचं. सदऱ्याचं टोक, जर्किनची दोरी आत अडकते का, ते इथेच कळतं. ग्लॉकसारख्या पिस्तुलांना बाहेर वेगळा सेफ्टीचा खटका नसतो, तिथे कापडाची अडकलेली घडीसुद्धा चाप ओढायला पुरते. काढताना घाई असू शकते. ठेवताना कुणालाच घाई नसते, म्हणून आत बघूनच ठेवावं.

एका मॉडेलचं होल्स्टर दुसऱ्याला 'चालवून' घेऊ नये. पिस्तुलावर टॉर्च बसवला तरी माप बदलतं. महिन्यातून एकदा भेगा आणि सैल स्क्रू तपासावेत.

आपल्याकडे कुणाचा संबंध?

राही सरनोबत यांच्यासारखे कोल्हापूरचे नेमबाज ज्या ऑलिंपिक प्रकारांत खेळतात, तिथे होल्स्टर लागतच नाही. पिस्तूल समोरच्या टेबलावर असतं. होल्स्टरमधून काढून नेम धरायचा खेळ वेगळा आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, 1976 मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. आपल्याकडे हा विषय येतो तो पोलिस, सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे निवृत्त जवान आणि परवानाधारक यांच्यापुरता.

सीमाभागातल्या परवानाधारकांनी एक लक्षात ठेवावं. परवाना कोणत्या हद्दीत चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं. बेळगावहून चंदगडला किंवा गोव्याला जाताना राज्य बदलतं, नातेवाईक तेच राहिले तरी. होल्स्टर कितीही नीट असलं तरी हद्द ओलांडायचा अधिकार त्याने मिळत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश निघाला की तोही पाळावाच लागतो.

ही कला शिकायला शस्त्रच हवं असंही नाही. टॉर्च, पक्कड, छाटणीची कात्री, शेतातला चाकू, कशाचंही म्यान याच पद्धतीने होतं. पहिल्या चार शीट तिथेच घालवाव्यात. टॉर्चचं म्यान बिघडलं तर फार तर टॉर्च खाली पडेल.