दयाळ : नामेतिहास

दयाळ हा भारतीय उपखंडाच्या व आग्नेय आशियाच्या बहुतेक भागांत आढळणारा एक गायक पक्षी आहे. तो आकाराने साधारणतः बुलबुलाएवढा असतो. नराचा रंग काळा-पांढरा असतो. मादीत काळ्याऐवजी करडा रंग असतो. त्याचे शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस असे आहे. हिंदीत त्यास दहियल व बंगालीत दोयेल म्हणतात. मराठी नाव याच मालिकेतील असून ‘दयाळू’ या विशेषणाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. पक्ष्याच्या स्वभावाशीही ते विशेषण जुळत नाही. विणीच्या हंगामात नर आपल्या क्षेत्रात दुसऱ्या नरास फिरकू देत नाही.

या नावांनी यूरोपीय विद्वानांना दीर्घकाळ चकविले. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील शल्यचिकित्सक एडवर्ड बल्कली याने एक नर ‘सौलरी’ या देशी नावासह लंडनला जेम्स पेटिव्हर याच्याकडे पाठविला. पेटिव्हरने केलेले त्याचे वर्णन जॉन रे याच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पक्षिविषयक ग्रंथात आले. पुढे एलिअ‍ॅझर अ‍ॅल्बिन या इंग्रज चित्रकाराने १८ व्या शतकाच्या चौथ्या दशकात या पक्ष्याचा ‘डायल बर्ड’ असा उल्लेख केला. १७५८ मध्ये लिनीअस याने त्यास ग्राकुला सॉलॅरिस हे द्विनाम दिले.

गोंधळ येथूनच सुरू झाला. ‘डायल’ हे देशी नावाचे इंग्रजी वळण आहे हे ध्यानी न आल्याने फ्रेंच पक्षिविद लव्हायाँ याने त्याचा अर्थ छायायंत्राची तबकडी असा घेतला व पक्ष्यास त्याच अर्थाचे ‘कादराँ’ हे फ्रेंच नाव दिले. टी. सी. जेर्डन याने तर लिनीअसला ‘सोलॅरिस’ म्हणजे ‘सूर्याचा’ असे लिहावयाचे होते, लेखनदोषाने ‘सॉलॅरिस’ झाले, असे प्रतिपादिले. एडवर्ड ब्लाइथ याने हा तर्क खोडून काढला. सॉलॅरिस हे ‘सौलरी’चेच लॅटिन रूप असून त्या शब्दाचा अर्थ ‘शंभर गाणी’ असल्याचे त्याने दाखविले. अशा रीतीने नावाचा संबंध सूर्याशी नसून पक्ष्याच्या गायनाशी असल्याचे स्पष्ट झाले.

१८२७ मध्ये योहान व्हाग्लर याने कॉप्सिकस ही प्रजाती स्थापिली. लिनीअसने दिलेले प्रजातिनाम मागे पडले. देशी बोलीतून आलेले जातिनाम मात्र टिकून राहिले. दोयेल हा बांगला देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे.