वाफ आणि तिची परतीची वाट

वाचकहो, भाताचे पातेले चुलीवर चढवले आणि वर झाकण ठेवले, की थोड्या वेळाने ते झाकण थडथडू लागते. घरातली बाई झाकण उचलते, त्याच्या आतल्या अंगाचे पाणी पातेल्यात निथळू देते आणि पुन्हा झाकते. शिवथरच्या खोऱ्यात हे रोज घडते, आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. पण मंडळी, खाली पेटवलेली आग, वर चढलेली वाफ आणि परत खाली आलेले पाणी, एवढ्या तीन गोष्टींवर जगातले मोठमोठे कारखाने चालले आणि थंड मुलखातली घरे उबदार राहिली. आजचे बोलणे त्यातल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. म्हणजे वाफ गेली कोठे, आणि तिचे पाणी परत आले का?

गुरुजींनी मुलांना फळ्यावर दोन आकडे लिहून द्यावेत. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेच्या पोटात दडून राहते आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले, की ती सगळी बाहेर पडते. दुसरी गोष्ट अशी, की वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा व्यापते. म्हणून वाफ थिजली की तेथे एकाएकी पोकळी पडते.

या पोकळीचा उपयोग पहिल्यांदा खाणीतले पाणी उपसण्यासाठी झाला. इंग्लंडात 1712 साली न्यूकोमेनचे यंत्र चालू झाले. त्यात वाफ भरायची, गार पाण्याने ती थिजवायची आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलून घ्यायचा. पुढे जेम्स वॉटने 1769 साली वाफ थिजवण्यासाठी वेगळे भांडे ठेवण्याचे एकस्व घेतले आणि कोळशाची मोठी बचत केली. पाहा बरे, वॉटची कीर्ती वाफ करण्यात नाही, वाफेचे पाणी योग्य जागी करण्यात आहे!

याच युक्तीने थंड देशांत घरे तापवू लागले. तळघरात बॉयलर, तेथून वर जाणारे नळ आणि प्रत्येक खोलीत लोखंडी पन्हाळ्यांचे एक जाडजूड तापक. त्याला रेडिएटर म्हणतात. न्यूयॉर्क शहरात तर 1882 पासून रस्त्याखालच्या नळांतून इमारतींना वाफ विकली जाऊ लागली. अशा जुन्या इमारतींत आजही थंडीच्या दिवसांत तक्रारी येतात, आणि त्या बहुधा तीनच असतात.

पहिली तक्रार म्हणजे नळात घण मारल्यासारखे ठोके बसतात. नळाचा उतार बिघडून कोठेतरी पाणी साचले, की धावती वाफ ते पाणी उचलून वळणावर आपटते. दुसरी तक्रार, तापक अर्धाच तापतो. त्यात हवा कोंडलेली असते. हवा सोडणारी लहानशी झडप गंजून किंवा चुन्याने बुजलेली असते. तिसरी तक्रार, त्या झडपेतून पाणी थुंकल्यासारखे उडते. म्हणजे पाण्याला परतीची वाट मिळालेली नाही. जेथे एकाच नळातून वाफ येते आणि पाणीही त्याच नळाने परत जाते, तेथे तापकाची चावी पुरती उघडी ठेवावी नाहीतर पुरती बंद करावी. अर्धवट ठेवली की पाणी अडते. तापक चावीकडे किंचित कलता ठेवला, तर पाणी आपसूक निघून जाते.

अडाणी दुरुस्ती करणारा काय करतो? आग वाढवतो, दाब वाढवतो. त्याने ठोके जोरात बसतात, कोळसा जास्त जळतो आणि खोली गारच राहते. जाणता माणूस हातात दिवा घेऊन तळघरात उतरतो आणि पाणी कोठे अडले ते शोधतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कोकणात असली तापके कशाला? बरोबर आहे. पण महाड-पोलादपूरच्या गावांतून पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि तेथे हेच शास्त्र त्यांच्या हातांतून चालले. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि 1856 साली ती ताडदेवला सुरू झाली. गिरणीत ताण्याच्या सुताला खळ लावतात. ते ओले सूत तांब्याच्या मोठ्या पोकळ ढोलांवरून फिरवून वाळवायचे, आणि ढोलांत वाफ सोडायची. त्या ढोलात पाणी साठले, की सूत कोठे ओले राही, कोठे जळे. ढोल थंड होताना आत पोकळी पडून पत्रा चेपू नये, म्हणून हवा आत घेणारी झडप ठेवावी लागे. रेडिएटरचेच हे भावंड!

सह्याद्रीच्या पावसाने या गोष्टीत एक वळण आणले. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी खोपोलीत खाली सोडून टाटांनी 1915 साली वीज काढली, आणि गिरण्यांची वाफेची इंजिने हळूहळू बंद पडली. पण बॉयलर राहिले, कारण खळ शिजवायला, सूत वाळवायला आणि कापड रंगवायला वाफच लागते.

यात जिवाचा धोका होता. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठी 1923 साली कायदा आला, आणि 2025 साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. पण कायद्याचा डोळा वर्षातून एकदा पाहतो. पाणीपातळीच्या काचनळीकडे पाळीभर पाहत बसणारा माणूस वेगळाच. नळाचा आवाज ऐकून, कोठला जोड भरला आहे हे सांगणारी माणसे होती. कापडाच्या भावात त्यांचा हिशेब कोणी धरला नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक करून बहुतेक गिरण्या बंद झाल्या. कामगार गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर ही जाणही परतली. ती कोठल्या पुस्तकात फारशी उतरलेली नाही.

म्हणून गुरुजींना एक विनंती आहे. आपल्या गावात गिरणीत काम केलेले एखादे आजोबा असतील, तर त्यांना एकदा शाळेत बोलवा. ‘तुम्ही काय काम करीत होता?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘बिघाड झाला, की आधी काय पाहायचे?’ असे विचारा. त्या प्रश्नाला म्हातारा खुलेल. मुलांनी ते उत्तर वहीत उतरवून घ्यावे, त्याच्या शब्दांत, तारखेसह.

आणि आज संध्याकाळी भाताच्या झाकणावरून थेंब निथळताना दिसले, तर मुलांना ते दाखवा. वाफ वर चढते ती सर्वांना दिसते. तिच्या पाण्याची परतीची वाट मोकळी ठेवणारा हात मात्र दिसत नाही. तो आपल्यातल्याच कोणाचा तरी होता, एवढे त्यांना सांगा.