भारत पोलिओमुक्त कधी झाला? : एका गुणाच्या प्रश्नामागचा इतिहास

शालेय सामान्यज्ञान स्पर्धेत गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास विचारला जातो : भारत पोलिओमुक्त कधी झाला? अपेक्षित उत्तर २७ मार्च २०१४. मुले ते पाठ करून येतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मागे एका शाळेत अशा स्पर्धेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. सातवीतल्या एका मुलीने या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते, १३ जानेवारी २०११. माझ्या हातातल्या उत्तरसूचीत २७ मार्च २०१४ होते. मी गुण दिला नाही.

घरी आल्यावर मात्र चुटपुट लागून राहिली. त्या मुलीने ती तारीख हवेतून आणलेली नव्हती. त्या दिवशी काय घडले आणि पुढची तीन वर्षे काय घडले नाही, हे समजून घेतले तर या एका ओळीच्या उत्तरामागे गेल्या चाळीस वर्षांतला विज्ञानाचा एक मोठा इतिहास दिसतो. त्यात आपणा शिक्षकांचाही वाटा आहे. म्हणून हा लेख.

एक दिसतो, दोनशे लपतात

माझ्या प्राथमिक शाळेत माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार असे. खेळाच्या तासाला ती वर्गात बसून आमची दप्तरे राखायची. यात कुणाला काही विशेष वाटत नसे, कारण बहुतेक शाळांत असे एखादे मूल असेच. १९८०च्या आसपास भारतात दरवर्षी लाख-दोन लाख मुलांना पोलिओमुळे पांगळेपण येत असावे, असा अंदाज आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. दूषित पाणी आणि न धुतलेले हात यांच्यामार्फत तो पुढच्या मुलाच्या तोंडात पोचतो. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, फार तर थोडा ताप येतो. साधारण दोनशेपैकी एकाच मुलात विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. म्हणजे गावात पोलिओचे एक मूल दिसले की दोनशेच्या आसपास मुलांच्या पोटातून तो विषाणू फिरून गेलेला असतो. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

या विषाणूचे तीन प्रकार आहेत : पहिला, दुसरा आणि तिसरा. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही.

दोन लसी आणि एक ठराव

अमेरिकेत जोनास साल्क यांनी मारलेल्या विषाणूंपासून इंजेक्शनची लस तयार केली. १९५४ साली अठरा लाखांहून अधिक शाळकरी मुलांचा सहभाग असलेली तिची प्रचंड चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर अल्बर्ट सेबिन यांनी जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची, थेंबांच्या रूपात तोंडावाटे द्यायची लस बनवली. शीतयुद्धाच्या ऐन भरात तिच्या मोठ्या चाचण्या सोव्हिएत संघात पार पडल्या, ही इतिहासातली एक गंमतच म्हणायची.

थेंबांची लस स्वस्त होती, ती द्यायला सुई लागत नसे आणि खुद्द आतड्यातच ती विषाणूची वाट अडवत असे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले होते. त्या यशाने हुरूप आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९८८ साली ठराव केला, की २००० सालापर्यंत पोलिओचेही निर्मूलन करायचे. तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुले पांगळी होत असल्याचा अंदाज होता. मुदत हुकली, पण काम थांबले नाही.

तो शनिवार

भारतात नियमित लसीकरणात पोलिओचे थेंब १९७०च्या दशकाच्या शेवटी आले. परंतु आज एक मूल, उद्या दुसरे अशा पद्धतीने लस दिल्यावर विषाणूला कुठे ना कुठे रिकामे आतडे सापडतच राहते. एका भागातल्या सर्व लहान मुलांना एकाच दिवशी थेंब दिले तर एकाच वेळी सगळी दारे बंद होतात. पल्स पोलिओमागची कल्पना ती हीच. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत ती राबवली गेली. ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ या दोन दिवशी साऱ्या देशातल्या तीन वर्षांखालील मुलांना थेंब दिले गेले. पुढच्या वर्षीपासून वयाची मर्यादा पाच वर्षे झाली.

तो डिसेंबरमधला शनिवार मला आठवतो. मी दहावीत होते. आमच्या मराठीच्या बाई शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या होत्या आणि आम्ही मुली यादीवर खुणा करत होतो. पुढे डाव्या करंगळीवरची शाईची खूण देशभर ओळखीची झाली. त्यामागोमाग घरोघर जाणारी पथके आली आणि घरांच्या दारांवर खडूची अक्षरे उमटू लागली : घरातल्या सर्व मुलांना थेंब मिळाले असतील तर ‘पी’, एखादे राहिले असेल तर ‘एक्स’. पुढच्या काळात एकेका राष्ट्रीय फेरीत सतराएक कोटी मुलांना थेंब दिले जाऊ लागले. त्या कामात आरोग्यसेविका आणि अंगणवाडीच्या ताईंच्या बरोबरीने किती शिक्षकांचे रविवार खर्ची पडले, ते या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

न सुटणारे कोडे

१९९८ साली भारतात पोलिओचे १,९३४ रुग्ण नोंदवले गेले, २००० साली २६५. काम संपत आले असे वाटू लागले. परंतु २००२ साली आकडा पुन्हा १,६०० झाला आणि त्यांतले १,२४२ रुग्ण एकट्या उत्तर प्रदेशातले होते.

याचे एक स्पष्टीकरण लगेच तयार होते : पालक अडाणी आहेत, थेंब दिल्यास मूल पुढे वांझ होते असल्या अफवांवर विश्वास ठेवतात, दारे लावून घेतात. यात तथ्य नव्हते असे नाही. अफवा होत्या, फेऱ्या कमी केल्या गेल्या होत्या आणि अनेक वस्त्यांत मुले राहूनही जात होती. पण एक गोष्ट या स्पष्टीकरणात बसेना. दहा-दहा डोस घेतलेली मुलेही लुळी पडत होती. त्या मुलांच्या आयांनी दर वेळी दार उघडले होते. तरीही दोष त्यांच्याच माथी येत होता.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिले होते, की आपल्याकडच्या मुलांत थेंबांचे तीन डोस पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण करत नाहीत. २००६ साली निकोलस ग्रासली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. तीनही प्रकारांचा समावेश असलेल्या नेहमीच्या लसीचा एक डोस पहिल्या प्रकाराविरुद्ध उत्तर प्रदेशात शंभरातल्या फक्त ९ मुलांचे रक्षण करत होता. उरलेल्या भारतात हाच आकडा सुमारे २१ होता.

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहेत. एका डोसाने ९ मुले सुरक्षित झाली तर ९१ उरली. पुढच्या डोसाने त्या ९१चे ९ टक्के. असे दहा वेळा केले, म्हणजे ०.९१ चा दहावा घात काढला, की ०.३९ येतो. दहा डोसांनंतरही शंभरातली ३९ मुले उघडीच! २१ टक्क्यांनी हाच हिशेब केला तर दहा मुलेही उरत नाहीत. प्रत्यक्षात सर्व मुले सारखी नसतात, त्यामुळे हे गणित ढोबळच समजावे. पण वाया गेलेल्या थेंबांचे कोडे त्यातून उलगडते.

मग उत्तर प्रदेशातच असे का? दाट वस्ती, उघडी गटारे, सतत होणारे जुलाब आणि आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू. लसीतल्या दुर्बल विषाणूला आतड्यात रुजायला जागाच मिळत नसे. शिवाय लसीतले तीन प्रकारही एकमेकांशी स्पर्धा करत. दुसऱ्या प्रकारच्या नैसर्गिक विषाणूचा जगातला शेवटचा रुग्ण १९९९ साली अलीगढला सापडला होता. त्यानंतर तो प्रकार लसीत मात्र राहिला होता आणि इतर दोघांची जागा अडवत होता.

म्हणून २००५ साली फक्त पहिल्या प्रकाराची लस वापरात आली. उत्तर प्रदेशात तिच्या एका डोसाचा परिणाम सुमारे ३० टक्के निघाला. दहाव्या घाताचे गणित पुन्हा करा : शंभरातली तीनच मुले उरतात. पण आता दुर्लक्षित राहिलेला तिसरा प्रकार उसळला. २००७ सालच्या ८७४ रुग्णांपैकी ७९१ तिसऱ्या प्रकाराचे होते. अखेर जानेवारी २०१० मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची मिळून नवी लस आली. सोबत उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ सर्वाधिक धोक्याचे तालुके निवडून तिथे थेंबांबरोबर स्वच्छता, स्तनपान आणि जुलाबावरचे उपचार यांवर भर दिला गेला. २००९ साली ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२ आणि २०११ साली एक. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातल्या दोन वर्षांच्या मुलीला १३ जानेवारी २०११ रोजी लुळेपणा आला. तीच देशातली नैसर्गिक पोलिओची शेवटची रुग्ण.

आता त्या उत्तरपत्रिकेतल्या तारखेचा उलगडा होईल.

शून्य शोधायचे कसे?

पण १४ जानेवारी २०११ रोजी हे कुणाला कसे कळणार? ‘रुग्ण नाही’ आणि ‘रुग्ण सापडला नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. शिवाय पहिला आकडा विसरू नका : एक दिसतो तेव्हा दोनशे लपलेले असतात.

यासाठी १९९७ पासून देशात एक शोधयंत्रणा उभारली गेली होती. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला कोणत्याही कारणाने अचानक लुळेपणा आला की त्याची खबर द्यायची, विष्ठेचे दोन नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. पोलिओ नसला तरी दर लाख मुलांमागे एक-दोन मुलांना इतर कारणांनी असा लुळेपणा येतोच. म्हणून एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर अशी एकही खबर आली नाही, तर तो जिल्हा निरोगी असे न समजता तिथली यंत्रणा झोपली आहे असे समजायचे. शून्यावर विश्वास ठेवण्याआधी शोधणाऱ्याची परीक्षा घेणारी ही कसोटी मला फार आवडते.

दुसरा मार्ग गटारातून जात होता. २००१ पासून मुंबईतल्या सांडपाण्याचे नमुने नियमितपणे तपासले जाऊ लागले. परळच्या ‘एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर’मध्ये हे काम चाले. मुंबईत रुग्ण नसतानाही गटारात विषाणू सापडे आणि त्याची जनुकीय रचना वाचली की तो उत्तर प्रदेश-बिहारमधल्या विषाणूंचा भाऊबंद असल्याचे कळे. कामासाठी माणसे आली, त्यांच्याबरोबर तोही आला. नोव्हेंबर २०१० नंतर मात्र मुंबईच्या सांडपाण्यातून तो नाहीसा झाला.

अशी तीन वर्षे वाट पाहिल्यावर २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या अकरा देशांच्या आग्नेय आशिया विभागाला प्रमाणपत्र मिळाले. उत्तरसूचीतली तारीख आहे ती या प्रमाणपत्राची. त्याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये पोलिओचे ठाण असलेल्या देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले होते, ती तिसरी तारीख.

‘मुक्त’ म्हणजे काय?

मुक्त म्हणजे कायमचे सुटलो असे नव्हे. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणू टिकून राहिला. २०२४ साली या दोन देशांत मिळून नव्वदहून अधिक मुले पांगळी झाली. शिवाय थेंबांतला दुर्बल विषाणू अपुऱ्या लसीकरणाच्या वस्तीत दीर्घकाळ फिरत राहिला तर क्वचित पुन्हा बळ धरतो. त्यासाठीच एप्रिल २०१६ मध्ये दीडशेहून अधिक देशांनी दुसरा प्रकार लसीतून एकाच वेळी काढून टाकला आणि भारताने त्याआधीच इंजेक्शनची लस नियमित लसीकरणात आणली. तरीही २०२२ साली लंडनच्या सांडपाण्यात असा विषाणू सापडला, न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला आणि २०२४ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गाझामध्ये दहा महिन्यांचे बाळ त्याला बळी पडले. लसीकरण मोडते तिथे तो वाट काढतोच.

तेव्हा पुढच्या वेळी हा प्रश्न वर्गात आला, तर मुलांना तीनही तारखा सांगाव्यात आणि विचारावे : यांतली प्रत्येक तारीख कुणी ठरवली? कशावरून? मधल्या तीन वर्षांत लोक काय शोधत होते? ०.९१ चा दहावा घात आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः काढावा. तुमच्या शाळेत पल्स पोलिओला बसलेल्या एखाद्या निवृत्त बाई किंवा गुरुजी असतील, तर त्यांना तासभर बोलवावे. त्यांच्याजवळ असलेल्या आठवणी कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत.

त्या सातवीतल्या मुलीची उत्तरपत्रिका आज माझ्यासमोर असती, तर मी तिला गुण दिला असता आणि समासात लिहिले असते : हे तुला कुठे वाचायला मिळाले, ते येऊन सांग.