बाळाचे कपाट (सातारा–सांगली)

तान्ह्या मुलाचे कपडे, दुपटी, लंगोट, औषधे आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी घरात राखलेले कपाट, पेटी, मांडणी किंवा खणांचे टेबल. सातारा व सांगली जिल्ह्यांत बाळासाठी वेगळी खोली क्वचितच असते. बाळ आईजवळच निजते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होत असल्याने सुरुवातीच्या महिन्यांत ही साठवण एखाद्या ट्रंकेत किंवा ताईच्या जुन्या कपाटातल्या एका कप्प्यात भागते. स्वतंत्र कपाटाची गरज पुढे, सासरी आल्यावर पडते.

जुन्या वाड्यांत हे काम भिंतच करी. भिंतीतले फडताळ, कोनाडा, खुंटी, उंचावर बांधलेली वलणी यांतले काही उलटून अंगावर येण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीपासून सुटी झालेली उभी, अरुंद कपाटे घरात आली तेव्हा हा धोकाही आला. खण बाहेर ओढले की वजन पुढच्या पायांच्या पलीकडे जाते; त्यात रांगते मूल खालच्या खणावर उभे राहिले की रिकामे कपाटही तोल सोडते. या कारणाने २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलावली आणि २०२२ च्या अखेरीस तिथे स्थैर्याची चाचणी सक्तीची करणारा कायदा झाला. आपल्याकडे खरेदीदाराने दुकानातच सगळे खण एकदम उघडून पाहावे. दुकानदार कुरकुरला तरी पाहावे.

या दोन जिल्ह्यांत मात्र कपाटाची निवड मुलाच्या चढाऊपणावरच थांबत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, माणसे झोपेत असताना, पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसरात सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना खोऱ्यात लहानमोठे धक्के आजही बसतात. त्यामुळे कपाटाच्या डोक्यावर बॅगा आणि ट्रंका रचण्याची सार्वत्रिक सवय इथे विशेष वाईट. जड वस्तू खाली ठेवाव्यात, कपाट वरच्या बाजूला दोन ठिकाणी लोखंडी अँगलने भिंतीला जखडावे आणि पाळणा किंवा अंथरूण कपाटाच्या उंचीपेक्षा दूर असावे. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लग आणि स्क्रू धरतात. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत ते काही महिन्यांत ढिले होतात, ओढले की मातीसकट हातात येतात. तिथे सुताराला सांगून अँगल लाकडी खांबाला किंवा तुळईला मारून घ्यावा.

सांगलीत कृष्णा याच्या उलट सांगते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पूररेषेतल्या घरात सामान वर चढवावे लागते, भूकंपप्रवण खोऱ्यात खाली उतरवावे लागते. यातून मार्ग असा : तळाच्या खणात जड पण धुता येण्याजोग्या वस्तू ठेवाव्यात, जन्मदाखला, माता व बाल संरक्षण कार्ड आणि हलके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या कप्प्यात. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे कपाट पुराच्या पाण्यात फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. स्वस्त पडते हे खरे, पण एका पुरापुरतेच. लोखंडी कपाट गंजले तरी धुऊन, घासून, रंग देऊन वापरता येते. लाकडीच हवे असेल तर सागवान किंवा जलरोधक प्लायवूड घ्यावे.

जुन्या कपाटाला घरी रंग देताना डब्यावर शिशाविषयीची सूचना वाचावी. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा, पोपडे धरलेला रंग मुले चाटतात. तो कोरडा खरवडू नये, धूळ घरभर होते. नवे प्लायवूड, लॅमिनेट यांचा उग्र वास जाईपर्यंत कपाट बाळाजवळ आणू नये.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. जी६पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यातील नॅप्थालीनने फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. कमतरता आहे हे बहुधा आधी ठाऊकच नसते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवणे पुरेसे. खेड्यात, विशेषतः पावसाळ्यात, जमिनीलगतच्या पेटीतले कपडे झटकूनच अंगात घालण्याची आजीची शिस्त विंचवासाठी असते आणि ती मोडू नये.

ट्रंकेचे झाकण हा दुर्लक्षित धोका. ते धडकन पडून बोटे चेंगरतात, आणि लपाछपी खेळणारे मूल आत अडकले तर हवा संपते. म्हणून रिकामी ट्रंक कुलूप लावून ठेवावी. लंगोट बदलण्याचे उंच टेबल घेण्याची गरज नाही : जमिनीवरच्या गोधडीवरून मूल पडत नाही. खेळणी, बिस्किटांचा डबा, मोबाइल यांना मात्र कपाटावर जागा देऊ नये. वर दिसणाऱ्या वस्तूसाठीच मूल खणांची पायरी करते.