साचा जुना, विमान नवे

आपल्या हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, दोन फुटी मूर्तीच्या साच्यातून चार फुटी मूर्ती निघत नाही. आज आम्ही विमानांबद्दल सांगणार आहोत, पण तिथेही प्रश्न साच्याचाच आहे.

पूर्वी वैमानिकाने दांडा ओढला की तारांनी विमानाचे भाग हलायचे. आता अनेक विमानांत त्याचा हुकूम आधी संगणकाकडे जातो. संगणकाने काय करायचे, ते माणसांनीच लिहिलेले असते. ते लिहिण्याच्या निरनिराळ्या भाषा असतात.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात अशा शेकडो भाषा चालत. एकाचे लिहिलेले दुसऱ्याला दुरुस्त करता येईना. म्हणून सर्वांसाठी एकच भाषा तयार झाली. तिला नाव दिले 'एडा', एका बाईचे. इंग्लंडच्या एडा लव्हलेस यांनी १८४३ साली, यंत्राकडून गणित पायरीपायरीने कसे करून घ्यावे, हे छापून प्रसिद्ध केले होते. १९८० साली या भाषेच्या सरकारी मानकाला १८१५ हा क्रमांक दिला. ते एडाबाईंचे जन्मसाल.

ही भाषा शिस्तीची. आकडा कसला आहे, किती मोठा होऊ शकतो, हे आधीच सांगावे लागते. बोईंग ७७७ या प्रवासी विमानात ती वापरली. आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणासाठीही वापरली. नाशिकजवळ ओझरला बांधलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी लोकांसमोर उडाले.

पण भाषा चांगली म्हणून सगळे निभावते असे नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत फुटले. त्यातला एक भाग जुन्या एरियन-४ वरून तसाच घेतला होता, तोही एडा भाषेतच लिहिलेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्याचा आकडा ठेवायला जी जागा होती, तिच्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. आकडा मावला नाही आणि संगणक बंद पडला. जोडीला दुसरा संगणक होता, पण त्यातही तेच लिहिलेले, म्हणून तोही बंद पडला. रॉकेटमध्ये माणसे नव्हती; चार उपग्रह मात्र गेले.

चौकशी समितीने सांगितले, नव्या रॉकेटच्या वाटेचे आकडे घालून हा भाग आधी तपासला असता, तर दोष जमिनीवरच सापडला असता. जुना साचा नव्या कामाला घेताना आपणही आधी माप लावून बघतोच ना?