नखाएवढी खूण

आज एका विद्यार्थिनीच्या संशोधन प्रकल्पाची हकिगत सांगणार आहे. तिचं नाव जोसेलिन बेल. जन्म १९४३ चा, उत्तर आयर्लंडमधला. तिच्या शाळेत मुलगे विज्ञान शिकायचे आणि मुलींना स्वयंपाक आणि भरतकामाला बसवायचे. तिचे आईवडील आणि आणखी काही पालक शाळेशी भांडले, तेव्हा कुठे तिला विज्ञानाच्या वर्गात जागा मिळाली. पुढे ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला ती एकटीच मुलगी. ती वर्गात शिरली की मुलं शिट्ट्या मारायची, बाकं बडवायची.

१९६५ साली ती पीएच. डी. करायला इंग्लंडमधल्या केंब्रिजला गेली. तिथली हुशार माणसं पाहून तिला धास्तीच बसली, की आपला इथे निभाव लागायचा नाही. मग तिने ठरवलं, हाकलतील तेव्हा हाकलतील, तोवर कामात कसूर करायची नाही.

तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश. आकाशातून प्रकाश येतो तशा रेडिओलहरीही येतात. आपला हा कार्यक्रम ज्या लहरींवरून तुमच्या घरी पोचतो त्याच जातीच्या, पण फार क्षीण. चांदण्या लुकलुकतात तशा क्वेसार नावाच्या अतिदूरच्या वस्तूंच्या रेडिओलहरीही लुकलुकतात. त्या लुकलुकण्यावरून क्वेसार शोधायचे आणि त्यांचा आकार काढायचा, असा प्रकल्प ठरला.

त्यासाठी लागणारी रेडिओ दुर्बीण आधी बांधायची होती. ४ एकरांहून मोठं रान, हजारावर खांब, दोन हजारांवर अँटेना आणि सुमारे १९० किलोमीटर तार. आपल्याकडचा द्राक्षबागेचा मांडव डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. पाच जण दोन वर्षं राबले, सुट्टीत विद्यार्थी मदतीला आले. जोसेलिननेही हातात घण घेऊन खांब ठोकले.

जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली. ती चालवायची आणि नोंदी तपासायच्या, ही दोन्ही कामं जोसेलिनकडे. कागदाच्या लांब पट्टीवर पेनं रेघा ओढत राहायची. रोज सुमारे ३० मीटर कागद, आणि तो सगळा डोळ्यांनी वाचायचा. क्वेसार कुठला आणि माणसाच्या यंत्रांची खरखर कुठली, हे तिला हळूहळू ओळखता यायला लागलं.

सहा-आठ आठवड्यांनी एका जागी नखाएवढी खूण दिसली. ती क्वेसारची नव्हती आणि खरखरीचीही वाटत नव्हती. इतक्या कागदात तेवढ्याशा खुणेकडे कुणीही काणाडोळा केला असता. पण हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय, असं तिला आठवलं. तिने जुने कागद उलगडले. आकाशाच्या त्याच जागेवरून तीच खूण आधीही आलेली होती.

आता ती खूण ताणून बघायची होती. त्यासाठी कागद वेगाने पळवावा लागतो, आणि तो भराभर संपतो. म्हणून ती जागा दुर्बिणीसमोर येण्याच्या नेमक्या वेळेला जोसेलिन हजर राहायची. आणि खूणच गायब! कित्येक दिवस ती रिकाम्या हाताने परतली. २८ नोव्हेंबरला मात्र कागदावर ठोके उमटले. दर १.३३ सेकंदांनी एक, घड्याळासारखे नेमके.

ह्यूइश फोनवर म्हणाले, हे माणसाचंच काम असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन पाहिलं, तर ठोके तसेच. मग एकेक शंका तपासून बाजूला केली. उपग्रह? चंद्रावर आपटून परत आलेलं रडार? जवळच्या पत्र्याच्या इमारतीचा परिणाम? आपल्या यंत्रातच दोष? सहकाऱ्यांच्या दुसऱ्या दुर्बिणीतही तेच ठोके आले, तेव्हा यंत्राची शंका फिटली. परग्रहावरची माणसं निरोप धाडतात की काय, अशीही गंमतीत चर्चा झाली.

नाताळ तोंडावर आला असताना, आकाशाच्या दुसऱ्याच भागात तिला तशीच खूण सापडली. ती जागा समोर येणार होती ऐन रात्री. कडाक्याच्या थंडीत यंत्र नीट चालेना. तिने तोंडाने ऊब दिली, शिव्याही दिल्या. जेमतेम पाच मिनिटं ते चाललं, आणि तेवढ्यात १.२ सेकंदांचे ठोके मिळाले. दोन वेगळ्या दिशांकडून परग्रहवासी एकाच पद्धतीने निरोप कसे पाठवतील? म्हणजे ही ताऱ्यांचीच एक नवी जात होती.

तिला पल्सर म्हणतात. मोठा तारा फुटल्यावर उरलेला हा गाभा असतो. रुंदी जेमतेम २० किलोमीटर, पण वजन सूर्याहून जास्त. तो गरगर फिरतो, आणि दीपगृहाच्या झोतासारख्या त्याच्या लहरी आपल्यावरून जातात.

२४ फेब्रुवारी १९६८ ला शोधाचा लेख 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. पत्रकारांनी विज्ञानाचे प्रश्न ह्यूइशना विचारले आणि जोसेलिनला विचारलं, तुला मित्र किती? तिच्या प्रबंधाचा विषय क्वेसारच राहिला. पल्सरना जागा मिळाली ती शेवटच्या पुरवणीत. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. तिचं नाव वगळल्याबद्दल फ्रेड हॉइल या नामवंत शास्त्रज्ञांनी उघड टीका केली. आपली तक्रार नाही, असं ती स्वतः म्हणाली. २०१८ मध्ये जोसेलिनबाईंना ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. ती सगळी रक्कम त्यांनी पदार्थविज्ञानात पीएच. डी. करणाऱ्या स्त्रिया, निर्वासित आणि ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिली.

पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात मोठमोठ्या तबकड्या दिसतात ना? त्या ३० अँटेनांची मिळून एक रेडिओ दुर्बीण आहे. त्यांच्यातूनही पल्सरांचा अभ्यास चालतो.

आपल्या गटाच्या वहीत पाच रुपये जुळले नाहीत, तर आपण मागची पानं चाळतोच. जोसेलिनने तेच केलं. तेव्हा घरातली मुलगी शाळेचा विज्ञान प्रकल्प करत असेल, तर तिच्या कच्च्या नोंदी रद्दीत जाऊ देऊ नका. आणि तिला विचारा, "ठरवलं होतं त्याहून वेगळं काय दिसलं गं तुला?" त्याचं उत्तर शोधायला तिला वेळ लागेल. तेवढा वेळ घरकामातून तिला मोकळा करून द्या.